प्रवासाहून परतल्यावर ताप आला तर काय करावे?

कोयनानगर-पाटण भागातील अनेक कुटुंबांतील माणसे नोकरीसाठी मुंबईत असतात. गणपतीला गावी येणे, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणे नेहमीचेच. अशा प्रवासानंतर आलेला ताप ‘दगदग झाली’ म्हणून अंगावर काढू नका.

डॉक्टरांना न विचारताही सांगा

- कुठे गेला होतात, कधी परतलात, ताप कोणत्या दिवशी सुरू झाला
- पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चाललात का (२०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला आला तसा पूर लेप्टोचा धोका वाढवतो)
- शेतात, गवतात, जंगलात वावर झाला का
- घरी कोणत्या गोळ्या घेतल्या

तारखा महत्त्वाच्या असतात. डेंग्यूचा ताप डास चावल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत येतो. मलेरियाला किमान आठवडा लागतो आणि त्याचा व्हायवॅक्स प्रकार काही महिन्यांनीही उलटू शकतो. म्हणून जुना प्रवासही सांगा.

कोणत्या तपासण्या होतात?

- मलेरिया: रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन किंवा रॅपिड किटने तपासतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पहिली निगेटिव्ह आली तरी संशय असल्यास १२ ते २४ तासांनी पुन्हा करतात.
- डेंग्यू: पहिल्या पाच दिवसांत एनएस१, त्यानंतर आयजीएम.
- टायफॉइड: ब्लड कल्चर ही खात्रीची तपासणी. नुसत्या विडाल चाचणीवर विसंबता येत नाही.
- लेप्टो: आयजीएम पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे लक्षणे पाहून उपचार आधीच सुरू करतात.
- स्क्रब टायफस: काख, जांघ, कमरेजवळ न दुखणारी काळी खपली असू शकते. रुग्णाला ती दिसत नाही, म्हणून घरच्यांनी अंग नीट पाहावे.
- माकडताप: सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ पासून रुग्ण आढळले आहेत. तिकडच्या जंगलात किंवा काजूच्या बागेत गेला असाल तर सांगा.

घरी काय करावे, काय टाळावे

तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. डेंग्यूत रक्तस्राव होऊ शकतो. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. त्यामुळे कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि निदान चुकते.

ताबडतोब रुग्णालयात न्या

- धाप लागणे, असंबद्ध बोलणे, झटके, ग्लानी
- सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे
- लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे
- हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचातून रक्त
- हातपाय गार पडणे

डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. ‘ताप गेला, बरे झाले’ असे समजू नका. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रात्री लक्षणे वाढली तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. घाटातल्या गावातून मोठ्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो, हे धरूनच निर्णय घ्या.