पाळणा लांबविणे आणि पाळणा हलणे

कुटुंबनियोजनाला मराठीत एक घरगुती शब्द रूढ झाला आहे : पाळणा लांबविणे. कचेरीतला जडजड शब्द बायाबापड्यांच्या तोंडी बसत नाही, हा बसला. गावोगाव चावडीच्या आणि दवाखान्याच्या भिंतींवर लाल त्रिकोण रंगविले गेले, 'दोन किंवा तीन मुलं पुरेत' अशा पाट्या लागल्या. पण त्याच गावात एखादे घर असे असे, की जिथे पाळणा लांबविण्याचा प्रश्नच नव्हता. तो हलतच नव्हता. त्या घरच्या सुनेला ती पाटी वाचून काय वाटत असेल, याचा विचार पाटी रंगविणाऱ्याने केला नाही आणि गावानेही केला नाही. आज या दोन्ही पाळण्यांची हकीकत एकत्र सांगावयाची आहे. ती एकत्रच सांगितली पाहिजे, कारण मुंबईत परळला दोन्ही गोष्टी एकाच संस्थेत येऊन मिळाल्या. ते पुढे येईलच.

आधी जन्मांचा हिशेब पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात दर हजार वस्तीमागे वर्षाला सुमारे ४८ ते ४९ मुले जन्मत. म्हणजे हजार उंबरवस्तीच्या नव्हे, हजार माणसांच्या गावात आठवड्याला जवळजवळ एक बाळंतपण. मग गावे फुगली का नाहीत? कारण स्मशानाची वाटही तितकीच वाहती होती. प्लेग, पटकी, दुष्काळ आणि त्यांवर कळस म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. १९२१ ची शिरगणती झाली तेव्हा दहा वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा माणसे कमीच भरली. शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्ष मुलांकडून फळ्यावर लिहून घ्यावे, कारण त्यानंतर एकाही शिरगणतीत देशाची लोकसंख्या घटलेली नाही.

आता कोणी म्हणेल, की जुन्या लोकांना समज नव्हती म्हणून आठआठ मुले होत. हे म्हणणे मला पटत नाही. जुन्या बाईचा हिशेब तिच्या काळापुरता चोख होता. "पाच झाली, दोन राहिली," असे सांगणाऱ्या आज्या आपल्यापैकी अनेकांनी ऐकल्या आहेत. म्हातारपणी भाकर घालील असा एक मुलगा हवा असेल, तर देवाच्या नि देवीच्या वाट्याचे धरून चालावे लागे. १९५० च्या सुमारासही जन्मलेल्या हजार मुलांपैकी सुमारे दीडशे मुले वर्षाच्या आत जात. २०२० साली हाच आकडा देशात २८ वर आला आणि महाराष्ट्रात १६ वर. आधी पाळण्यातले मूल जगू लागले, मग पाळणे कमी झाले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरे कारण लग्नाचे वय. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे वय १४ ठरविले, १९७८ साली ते १८ झाले. कायदा झाला म्हणजे लगेच लग्ने थांबतात असे नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण मुलगी सातवीपर्यंत, दहावीपर्यंत शाळेत राहू लागली तशी ती आपोआप चारदोन वर्षे उशिरा बोहल्यावर चढू लागली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अजिबात शाळा न शिकलेल्या बाईला सरासरी २.८ मुले आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्या बाईला १.८ मुले, असे दिसून आले.

आणखी काही कारणे अशी आहेत, की ती कोणी ठरवून केलेली नव्हती. आई मुलाला दोन-अडीच वर्षे अंगावर पाजीत असे. त्यामुळे पाळी उशिरा सुरू होई नि दोन मुलांत आपसूक अंतर पडे. तसेच आमच्या कोकणातला चाकरमानी. तो गिरणीत, बायको गावी. १९२१ च्या मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या साडेपाचशेच्या आसपास. गणपतीला नि शिमग्याला जो घरी येतो, त्याच्या घरचे जन्मही रजेच्या हिशेबाने होतात!

आता त्याच १९२१ सालातली दुसरी गोष्ट. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. या कामापायी त्यांची नोकरी गेली. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरण येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागेही बाबासाहेबच होते. त्यांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी वाचले. ठराव पडला. कर्व्यांचे म्हणणे साधे होते : मूल केव्हा व्हावे हे बाईला ठरविता आले पाहिजे. लोकसंख्या किती असावी हा त्यांना नंतरचा प्रश्न वाटे.

सरकारच्या हाती हा विषय गेला तेव्हा नेमके उलटे झाले. १९५२ साली भारताने कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय काम म्हणून स्वीकारले. हेतू चांगलाच होता. पण हळूहळू माणसांपेक्षा आकडे मोठे झाले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक ठिकाणी शिक्षकांवरही 'केसेस' आणण्याचे ओझे होते, हे त्या पिढीचे गुरुजी विसरलेले नाहीत. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. या जबरदस्तीचा परिणाम काय झाला? पुरुष या शस्त्रक्रियेला जे बिचकले ते बिचकलेच, आणि सगळा भार बायकांवर आला.

आता परळ. १९५४ साली मुंबईत गर्भनिरोधक साधने तपासण्यासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने एक लहानसा विभाग काढला होता. वाढत वाढत १९७० साली त्याची प्रजननविषयक संशोधनाची स्वतंत्र संस्था झाली. मूल न होऊ देण्याची साधने तपासता तपासता मूल कसे होते याचे बारीक ज्ञान तिथे जमत गेले. कुलूप दुरुस्त करणाऱ्याला किल्ली बनविता येते, तसे म्हणा.

इकडे ज्यांना मूल होत नव्हते त्यांचे काय चालले होते? नवस, उपासतापास, अंगारे, बाबा-बुवा. बाईला 'वांझ' म्हणणारा शब्द आपल्या भाषेत आहे, पण पुरुषाला चारचौघांत तसा डिवचणारा शब्द सहसा वापरीत नाहीत. ओटीभरणाला तिला बोलावीत नसत, बारशाला ती दाराशी उभी राही. दोनतीन वर्षे वाट पाहून घरात सवत येई. सवतीलाही मूल झाले नाही, तरी दोष तिसरीकडे शोधायचा, पण नवऱ्याकडे बोट दाखवायचे नाही! शास्त्राचे म्हणणे असे, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही कारण सापडते. आपल्या देशात बायकांमधले एक मोठे कारण म्हणजे क्षय. तो फुप्फुसाला होतो एवढेच लोकांना ठाऊक असते. तो गर्भनलिकेतही बसतो, नळी बुजवितो, आणि बाईला पुष्कळदा खोकलाही नसतो.

नळी बुजली तर बीज बाहेर काढून त्याचा पुरुषबीजाशी संयोग काचेच्या बशीत घडवावा आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवावा, ही युक्ती इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि परिचारिका जीन पर्डी यांनी साधली. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम गावी लुईझ ब्राऊन ही मुलगी जन्मली. वर्तमानपत्रांनी 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून गाजावाजा केला. पण त्यामागचा हिशेब कमी लोकांना माहीत असतो. १९६९ पासूनच्या त्या वर्षांत २८२ बायकांवर प्रयत्न झाले, ११२ वेळा गर्भ ठेवला गेला, पाच जणींना दिवस गेले, आणि जिवंत मुले जन्मली दोन. उरलेल्या २८० बायकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. मला वाटते, पहिला मान त्यांचा आहे.

त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात अशीच एक मुलगी जन्मली. तिला 'दुर्गा' म्हटले गेले. हे काम डॉ. सुभाष मुखर्जी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे. साधने तुटपुंजी, पण डोके विलक्षण. बाईला औषध देऊन एकाहून अधिक बीजे तयार करणे, पोट न उघडता योनिमार्गाने ती काढणे, गर्भ गोठवून ठेवून पुढच्या एखाद्या पाळीत तो गर्भाशयात ठेवणे, हे सारे त्यांनी केले. आज जगभर याच वाटेने काम चालते. पण बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक! रेडिओवरून बोलताना त्या शास्त्राला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही, पण बाळंतपणाच्या विद्येची परीक्षा त्याने कशी घ्यावी? समितीने दावा खोटा ठरविला. मुखर्जींना परदेशी परिषदेला जाऊ दिले नाही. शेवटी त्यांची बदली डोळ्यांच्या विकारांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. वय पन्नास.

मग परळच्या त्या संस्थेतले डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि शेजारच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी एकत्र काम केले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम.मध्ये एक मुलगी जन्मली. सगळे कागद नीट, प्रत्येक पायरीची नोंद. भारतातली पहिली म्हणून तिचा गौरव झाला. हे सारे घडले नगरपालिकेच्या, गोरगरिबांच्या रुग्णालयात. २०१६ साली ती स्वतः आई झाली, आणि बाळंतपण डॉ. हिंदुजांनीच केले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९९७ साली आनंदकुमार कलकत्त्यास गेले असता मुखर्जींची टिपणे त्यांच्या हाती आली. ती वाचून त्यांची खात्री झाली, आणि त्यांनी जाहीर लिहिले, की पहिला मान माझा नव्हे, सुभाष मुखर्जींचा आहे. आपल्या नावावर लागलेला मान आपण होऊन दुसऱ्याला, तोही हयात नसलेल्याला, देणारा माणूस विरळा. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

आता या उपचाराला यश किती येते? इथे जाहिराती फार आणि खरे बोलणे थोडे. सर्वांत मोठी गोष्ट बाईचे वय. बाईची बीजे जन्मतःच मोजून मिळालेली असतात, नवी तयार होत नाहीत. ती कमी होतात आणि जुनीही होतात. ब्रिटनमध्ये दर उपचाराची सरकारी नोंद राहते. तिथे पस्तिशीच्या आतल्या बायकांत ठेवलेल्या तीन गर्भांमागे सुमारे एक मूल जन्मते, चाळिशी ओलांडल्यावर हेच प्रमाण दहामागे एकाच्या आसपास येते, आणि त्रेचाळीसनंतर त्याच्याही निम्म्यावर. म्हणजे भर उमेदीतही एका खेपेला अपयशाचीच शक्यता जास्त. तंबाखू, दारू, फार वजन यांनी यश घटते, आणि हे नवऱ्यालाही लागू आहे बरं का. पुरुषबीज अगदी कमी असेल तर एकच बीज सुईने स्त्रीबीजात सोडण्याची रीत बेल्जियममध्ये १९९२ साली निघाली. पूर्वी ज्यांना उपाय नव्हता अशा पुष्कळ पुरुषांना तिने बाप केले.

२०१९ ते २०२१ च्या पाहणीत देशात बाईमागे सरासरी मुले दोन होती, महाराष्ट्रात १.७. १९५० च्या सुमारास ती सहाच्या जवळपास होती. पाळणा लांबला, थांबायलाही लागला. आणि गावोगावचे लोक तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी चकचकीत खासगी दवाखान्यांच्या पायऱ्या चढू लागले, कोणी जमीन गहाण टाकून, कोणी दागिने मोडून. फसवणुकी झाल्या तेव्हा २०२१ साली कायदा आला. असा उपचार करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याची नोंदणी सक्तीची झाली. बाईचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ अशी मर्यादा आली. मुलगाच हवा म्हणून निवड करून देणे हा गुन्हा ठरला.

तेव्हा तुमच्या गावातले कोणी निघाले असेल, तर त्याला एवढे सांगा : दवाखान्याची नोंदणी आहे का ते आधी विचार. आमच्या वयाच्या किती जोडप्यांना इथे मूल झाले आणि किती जणांना नाही, हा आकडा माग. बाईच्या तपासण्यांवर हजारो रुपये घालण्याआधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करून घे. ती सर्वांत सोपी आणि स्वस्त असते, तीत सुई टोचावी लागत नाही की भूल द्यावी लागत नाही. आणि तरीही घरोघरी ती सर्वांत शेवटी केली जाते.