जाळ्यातील लूप : प्रयोगशाळेत मुद्दाम उठवलेले वादळ

संगणकजाळ्यातील एका स्विचपासून निघालेला मार्ग दुसऱ्या वाटेने फिरून पुन्हा त्याच स्विचपाशी येतो, तेव्हा त्या रचनेस लूप म्हणतात. एरवी तो नकळत तयार होतो. टेबलाखाली लोंबणारे केबलचे मोकळे टोक कुणीतरी भल्या हेतूने भिंतीवरील सॉकेटात खोचतो, एवढेच त्यास पुरते. चाचणी-प्रयोगशाळेत मात्र तो हेतुपुरस्सर घडवला जातो. या बिघाडाची लक्षणे एकदा डोळ्यांनी पाहिलेला अभियंता पुढे ती चटकन ओळखतो.

दोषाचे मूळ ईथरनेटच्या रचनेतच आहे. इंटरनेट प्रोटोकॉलच्या पॅकेटला आयुर्मर्यादा असते. प्रत्येक राउटर तीतून एक वजा करतो आणि शून्यावर पॅकेट नष्ट होते. त्या आठ बिटांच्या रकान्यात २५५च्या पुढचा आकडा मावतच नाही. ईथरनेटच्या फ्रेमला असा रकाना नाही. सर्वांना उद्देशून पाठवलेली ब्रॉडकास्ट फ्रेम, ज्या पोर्टातून आली ते वगळून उरलेल्या सर्व पोर्टांतून स्विच पुढे पाठवतो. दोन स्विच दोन केबलींनी जोडले असतील, तर अशा एका फ्रेमच्या दोन प्रती परस्परविरुद्ध दिशांनी अखंड फिरत राहतात. तिसरी केबल जोडली, की प्रत्येक प्रतीच्या दोन होतात, दोहोंच्या चार, आणि पाहता पाहता सारी वाट भरून जाते. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. एक गिगाबिट वेगाच्या दुव्यावरून ६४ बाइटांच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. ब्रॉडकास्ट असल्याने जोडलेल्या प्रत्येक संगणकाला त्या तपासाव्या लागतात. त्यामुळे जाळ्याबरोबर यंत्रेही मंदावतात.

यावरील उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. रेडिया पर्लमन यांनी तो १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना सिद्ध केला. जादा वाटा तोडून न टाकता तो त्या मिटून ठेवतो आणि चालू वाट बंद पडली की उघडतो. परंतु हा उपायही बेफिकिरीने वापरण्याजोगा नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे सुमारे चार दिवस विस्कळीत झाले. टप्प्याटप्प्याने जोडत गेलेले ते जाळे स्पॅनिंग ट्रीच्या शिफारस केलेल्या सात टप्प्यांच्या मर्यादेबाहेर वाढले होते. डॉक्टरांना औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे अहवाल पुन्हा कागदावर न्यावे लागले. रुग्णालयाने हा प्रसंग लपवला नाही, ही त्यातली विशेष गोष्ट.

प्रयोगशाळेतील पहिली अट विलगीकरणाची. चाचणीच्या स्विचमधून कार्यालयाच्या जाळ्याकडे एकही केबल जाता कामा नये. दुसरी अट नवख्यांच्या ध्यानात येत नाही : स्विचचे नियंत्रण जाळ्यावरून न ठेवता स्वतंत्र कन्सोल केबलने ठेवावे, कारण वादळ उठताच दूरस्थ लॉगिन सर्वांत आधी निकामी होते. मग दोन स्विचवरील स्पॅनिंग ट्री बंद करून दोन केबली जोडल्या, की एखादी एआरपी विचारणा पुरेशी ठरते. पोर्टांवरचे दिवे एकसारखे लुकलुकू लागतात आणि पत्त्यांच्या तक्त्यात एकच संगणक क्षणात या पोर्टावर, क्षणात त्या पोर्टावर दिसतो. लक्षणांत हे शेवटचे सर्वांत भरवशाचे. एक केबल काढली की वादळ लगेच शमते.

यानंतर तोच प्रयोग स्पॅनिंग ट्री चालू ठेवून करतात. जुन्या आवृत्तीत नवे पोर्ट सुमारे ३० सेकंद मूक राहते. २००१ मधील जलद आवृत्तीत हा अवधी बराच घटला. बीपीडीयू गार्ड आणि स्टॉर्म कंट्रोल या सोयी खरोखर काम करतात की केवळ माहितीपत्रकात शोभतात, हेही येथेच कळते. निव्वळ भाराच्या चाचणीसाठी आयपर्फसारखी साधने वापरतात आणि १९८.१८.०.० पासूनचा राखीव पत्तासमूह त्याच कामासाठी ठेवलेला आहे.

परवानगीवाचून दुसऱ्याच्या जाळ्यात असा व्यत्यय आणणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो.