अनंताची पानं पिवळी पडतायत? खत घालण्याआधी मातीचा सामू तपासा!

नर्सरीतून अनंताचं रोप आणलं तेव्हा पानं हिरवीगार होती, चार-पाच कळ्याही होत्या. दोन-तीन महिन्यांत कळ्या गळल्या आणि नवी पानं पिवळी निघायला लागली. मग आपण मोबाईलवर उपाय शोधतो आणि कुंडीत अंड्याची टरफलं किंवा राख घालतो. रोप सुधारायचं सोडून आणखीनच मलूल होतं.

यात नर्सरीवाल्याने फसवलेलं असतंच असं नाही, आणि तुमच्या हातालाही काही झालेलं नाही. अनंत, इक्झोरा, हायड्रेंजिया, अझेलिया, कॅमेलिया ही आम्लधर्मी मातीत फुलणारी झाडं आहेत. आपण मात्र त्यांना नकळत चुन्याच्या मातीत लावतो आणि वर चुनाच खायला घालतो!

सामू म्हणजे काय?

माती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे सामू, म्हणजेच पीएच सांगतो. 1909 साली सोरेन सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी मांडली. ती 0 ते 14 अशी असते. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि वर अल्कधर्मी.

यातली मेख अशी की प्रत्येक अंकामागे फरक दहा पटींचा असतो. अनंताला साधारण 5 ते 6 सामूची माती मानवते. तुमच्या कुंडीतल्या मातीचा सामू 8 असेल, तर ती 6 सामूच्या मातीपेक्षा 100 पट कमी आम्लधर्मी आहे.

लोह मातीत असतं, पण झाडाला मिळत नाही

पानांतलं हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतं. आपल्याकडच्या मातीत ते भरपूर असतं. पण सामू 7 च्या वर गेला की लोह पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना ते उचलता येत नाही. समोर ताट वाढलेलं, पण हात बांधलेले, अशी झाडाची गत होते. अशा वेळी नुसतं खत वाढवून उपयोग नसतो.

कोकणात फुलतं, मग पुण्यात का नाही?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात जांभ्या दगडाची लाल माती आहे. तिथल्या धो-धो पावसात मातीतले कॅल्शियमसारखे अल्कधर्मी क्षार वाहून जातात आणि माती आम्लधर्मी होते. म्हणून तिकडच्या अंगणात इक्झोरा फारसे लाड न करताही लालभडक फुलतो.

घाटावर पाऊस कमी. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत हे क्षार टिकून राहतात आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडेही सापडतात. त्यात सोसायटीच्या बागेत सिमेंट-विटांचा राडारोडा पुरलेला असेल आणि वर बोअरचं जड पाणी मिळत असेल, तर सामू वाढतच जातो.

आधी पान नीट बघा

प्रत्येक पिवळं पान सामूमुळेच नसतं.

- नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाहीये. सामूवर संशय घ्या.
- जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी: मॅग्नेशियम कमी असू शकतं.
- खालची जुनी पानं सरसकट फिकट: नत्र कमी असू शकतं.
- माती सतत ओली, पानं पिवळी होऊन गळतात: मुळं कुजत असतील. आधी पाणी कमी करा.

घरी एक सोपी चाचणी करता येते. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत चुना आहे. नेमका आकडा हवा असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या.

माती सुधारायची की बदलायची?

सामू खाली आणायला गंधक वापरतात. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल बनवतात, पण त्याला आठवडे-महिने लागतात. शिवाय मातीत चुना असेल तर हे आम्ल आधी तो चुना संपवण्यातच खर्ची पडतं.

हिशोब करून बघा. 1 किलो चुनखडी निष्प्रभ करायला साधारण 320 ग्रॅम गंधक लागतं. 20 किलो मातीत 5 टक्के चुनखडी असेल, तर ती बरोबर 1 किलो भरते. म्हणजे एका मोठ्या कुंडीला 320 ग्रॅम गंधक घातल्यावर कुठे सामू उतरायला सुरुवात होणार! त्यापेक्षा माती बदलणं सोपं आणि स्वस्त.

कुंडीसाठी हे मिश्रण करा: दोन भाग कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग व्हिनेगरने न फसफसणारी लाल माती. कोकोपीटमध्ये मीठ असू शकतं, म्हणून ते आधी दोनदा धुऊन घ्या. खाली पाणी निचरायला भोक हवंच. घाटावर ही झाडं जमिनीत लावण्यापेक्षा कुंडीत सांभाळणं सोपं जातं.

माती बदलली, पण पाणी?

पाण्याकडे दुर्लक्ष केलं तर सगळी मेहनत वाया जाते. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट क्षार हळूहळू सामू पुन्हा वर नेतात. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात साठवून ते याच झाडांसाठी राखून ठेवा. ते संपलं की जे पाणी भांड्यांवर कमीत कमी पांढरे डाग सोडतं, ते वापरा.

व्हायरल उपायांचं काय?

- अंड्याची टरफलं आणि राख: दोन्ही सामू वाढवतात. या झाडांना अजिबात नको.
- वापरलेली चहा पावडर: सामूवर फारसा परिणाम करत नाही. धुऊन, थोडी घातली तर चालेल.
- लिंबू, व्हिनेगर: परिणाम तात्पुरता, आणि जास्त झालं तर मुळांना इजा.
- एप्सम सॉल्ट: मॅग्नेशियम देतं, सामू उतरवत नाही.

तातडीचा उपाय हवा असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात 2 ते 3 ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजासारखे डाग पडतात. चिलेटेड लोह घेताना पाकिटावरचं नाव वाचा. ईडीटीए प्रकार अल्कधर्मी मातीत फार काळ टिकत नाही, तिथे ईडीडीएचए प्रकार कामी येतो.

हायड्रेंजियाची गंमत

हे झाड सामू चक्क फुलांतून दाखवतं! आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मिळतं आणि फुलं निळी होतात. अल्कधर्मी मातीत तीच फुलं गुलाबी येतात. पांढऱ्या जाती मात्र असा रंग बदलत नाहीत.

शेवटचं एक. माती बदलल्यावर जुनी पिवळी पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही, त्यामुळे त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. शेंड्याला येणाऱ्या नव्या पानावर लक्ष ठेवा. ते हिरवं निघालं की समजा, मुळांना लोह मिळायला लागलंय. कळ्यांसाठी मात्र पुढच्या हंगामापर्यंत थोडी वाट बघावी लागेल.