लंडनमधील एक प्रार्थनामंदिर

लंडनसारख्या अफाट राजधानींत किती देशांचे लोक नांदतात याची मोजदाद करीत बसलों, तर माझा ठरलेला वेळ आंकड्यांतच संपेल. म्हणून आज एकाच इमारतीची हकीकत आपणांस सांगतों. शहराच्या पूर्वभागांत ब्रिक लेन नांवाची एक अरुंद गल्ली आहे. पूर्वीं येथें विटा भाजीत, म्हणून हें नांव. तिच्या एका नाक्यावर विटांचीच एक भक्कम वास्तु उभी असून तिच्या भिंतीवर उंच एक छायायंत्र बसविलेलें आहे. त्यावर १७४३ हा सन कोरला आहे.

त्या सालीं ही वास्तु फ्रेंच प्रॉटेस्टंटांनीं चर्च म्हणून बांधिली. १६८५ मध्यें चौदाव्या लुईनें या पंथाचें धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतलें, तेव्हां सुमारें ५० हजार माणसें समुद्र ओलांडून इंग्लंडांत आलीं. त्यांतील रेशमाचे विणकर स्पिटलफील्ड्स येथें राहिले. कारण तो भाग जुन्या शहराच्या तटाबाहेर होता व शहरांतील व्यावसायिक संघांचे निर्बंध तेथें फारसे चालत नसत. मागावर भरपूर उजेड पडावा म्हणून माळ्याला रुंद खिडक्या ठेवलेलीं त्यांचीं घरें अजून पाहावयास मिळतात. पुढें १८२४ मध्यें विणकरांच्या मजुरीला संरक्षण देणारे कायदे रद्द झाले, १८६० मध्यें फ्रेंच रेशमावरील जकात उठली, आणि धंदा बसला. चर्च तत्पूर्वींच परहस्तगत झालें होतें. १८०९ मध्यें तेथें ज्यू लोकांस ख्रिस्ती करूं पाहणारी एक संस्था आली, व दहा वर्षांनीं मेथॉडिस्ट आले.

त्यानंतर जें घडलें तें त्या संस्थेच्या स्वप्नांतही नसेल! १८८१ मध्यें रशियाच्या झारचा खून झाला आणि तेथील ज्यूंवर हल्ले सुरू झाले. हजारों कुटुंबें लंडनच्या गोदीवर उतरलीं, कोंदट खोल्यांतून कपडे शिवूं लागलीं, आणि शतक संपण्यापूर्वीं तीच वास्तु ज्यूंचें सिनेगॉग झाली.

ही गोष्ट लंडनच्या उदारपणाचा दाखला म्हणून सांगण्याची रूढी आहे. मला ती अर्धीच पटते. वास्तु हातोहात गेली ती शांतपणें. माणसांना मात्र त्या गल्लींत पाय रोवण्यासाठीं झगडावें लागलें. ज्यू येऊं लागतांच ओरड झाली व १९०५ मध्यें परकीयांस अटकाव करणारा कायदा झाला. ४ ऑक्टोबर १९३६ रोजीं मोस्ले याचे काळ्या सदऱ्यांचे अनुयायी याच वस्तींतून संचलन करणार होते. ज्यू शिंपी आणि गोदींतले आयरिश मजूर यांनीं मिळून केबल स्ट्रीटवर अडथळे रचले. त्या दिवशीं मारामारी झाली ती मुख्यतः वाट मोकळी करूं पाहणाऱ्या पोलिसांशीं. परंतु संचलन कांहीं पुढें गेलें नाहीं.

पुढें ज्यू कुटुंबें सुस्थितींत येऊन उत्तर लंडनकडे सरकलीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सिल्हेटचे बंगाली मुसलमान त्यांच्या जागीं आले. यांच्या आधींचे लोक कलकत्त्याच्या बोटींवर आगवाले, म्हणजे बॉयलरला कोळसा घालणारे खलाशी होते. मुंबईच्या बोटींवर असेच आपले रत्नागिरीचे खलाशी व गोव्याचे बटलर असत. बंगाल्यांनींही तेथें शिवणयंत्रच हातीं धरलें. १९७६ मध्यें सिनेगॉगची मशीद झाली.

दोनच वर्षांनीं, ४ मे १९७८ रोजीं, अलताब अली नांवाचा कपड्यांच्या कारखान्यांतील एक तरुण कामगार काम संपवून परतत असतां भोसकून मारला गेला. त्याचा अपराध एवढाच कीं तो परदेशी दिसत होता. दहा दिवसांनीं हजारों बंगाली माणसें त्याच्या शवपेटीमागून हाइड पार्कपर्यंत व तेथून पंतप्रधानांच्या निवासस्थानीं चालत गेलीं. तोंवर हे लोक मान खालीं घालून राहत आले होते. ज्या बागेजवळ तो पडला, तिला १९९८ पासून त्याचें नांव आहे. त्या बागेच्या जागीं पूर्वीं एक पांढरें चर्च होतें, आणि व्हाइटचॅपल हें त्या भागाचें नांव त्यावरूनच पडलें.