नांवांचें दप्तर आणि लोकांचा शब्द

नाशिक शहराच्या नैऋत्येस त्रिरश्मी डोंगराच्या कुशींत जीं चोवीस लेणीं आहेत, त्यांना लोक पांडवलेणीं म्हणतात. पांडवांशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरविलेलीं असून त्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे शिलालेख आहेत. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या या लेखांपैकीं एकांत ४२ व्या वर्षींच्या दानाची हकीकत दिली आहे. उषवदातानें भिक्षुसंघासाठीं ३,००० कार्षापण दिले. पण ते संघाच्या हवालीं न करतां गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेंकडा एक व १,००० वर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें उपभोगावयाचें, अशी अट होती. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण मिळावयाचे होते. २,००० चें वर्षाचें व्याज २४० होतें आणि २० भिक्षूंचे १२ प्रमाणें २४० च होतात. जमाखर्च असा चोख जुळतो.

या नोंदीच्या शेवटीं एक लहानसें वाक्य आहे. हें सर्व निगमसभेंत ऐकविण्यांत आलें आणि रिवाजाप्रमाणें फलकवारांत नोंदविण्यांत आलें, असा त्याचा आशय. निगमसभा म्हणजे व्यापारी नगराची सभा, व फलकवार म्हणजे जेथें फलकांवर नोंदी राहत तें दप्तर. राजाच्या जांवयालाहि आपला व्यवहार पक्का होण्यासाठीं या दोन गोष्टी आवश्यक वाटल्या. नोंद झाली नाहीं तर व्यवहार विसरला जातो. आणि चारचौघांस ऐकविला नाहीं तर नोंद कोणी व कशी केली, याविषयीं संशय राहतो.

पुढें गांवोगांव हेंच काम दवंडीनें होऊं लागलें. स्वतंत्र भारतांत या रिवाजाला कायद्याचें रूप आलें. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणें शहराचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वीं त्याचें प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ज्याच्या परसांतून रस्ता जाणार, त्याला तो रस्ता कागदावर असतांनाच बोलण्याची संधि मिळावी, हा त्यांतील हेतु. निगमसभेंत ऐकविण्यापर्यंत जी रीत होती, तींत ही मोठी भर पडली. ऐकणाऱ्यालाहि उत्तर देण्याचा अधिकार मिळाला.

हा अधिकार आतां अशा एका दप्तराच्या बाबतींत आला आहे, कीं ज्याचीं पानें कोणत्याहि एका शहरांत किंवा एका देशांत नाहींत. तें दप्तर म्हणजे इंटरनेटवरील नांवांचें दप्तर. इंटरनेटशीं जोडलेल्या संगणकाची ओळख एका लांबलचक आंकड्यानें होते. माणसांना आंकडे लक्षांत राहत नाहींत, नांवें राहतात. म्हणून कोणतें नांव म्हणजे कोणता आंकडा, हें सांगणारी यादी ठेवावी लागते. आरंभीं हें जाळें इतकें लहान होतें, कीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एका यादीवर सर्व काम भागे. संगणक वाढले तशी ती यादी अपुरी पडूं लागली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं जॉन पोस्टेल यांच्या सहकार्यानें नवी रचना मांडली. तींत प्रत्येक नांवाला टिंबानें तोडलेले भाग असतात. शेवटचा भाग सर्वांत वरच्या मूळ यादींत नोंदलेला असतो आणि त्याच्या आधींचे भाग त्या त्या खालच्या दप्तरांत. अशा पूर्ण नांवाला डोमेन नांव म्हणतात. पत्रावर जसा देश, जिल्हा, गांव आणि घर असा क्रम लागतो, तसाच हा क्रम आहे.

भारताला ‘डॉट इन’ हें शेवटपद १९८९ सालीं मिळालें. त्याचें दप्तर पुष्कळ वर्षें मुंबईस जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रानें सांभाळलें. २००५ सालापासून तें नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आलें व सर्वांना खुलें झालें. परंतु मूळ यादीचा कारभार भारताच्या हातीं नव्हता. इतर देशांच्याहि नव्हता. तो प्रथम जॉन पोस्टेल यांच्या देखरेखीखालीं चाले. १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत आयकॅन नांवाची नफा न घेणारी संस्था स्थापन झाली आणि हें काम तिच्याकडे गेलें. अमेरिकन सरकारचा त्यावरील करार ३० सप्टेंबर २०१६ रोजीं संपला. त्यानंतर लवकरच, नोव्हेंबर २०१६ मध्यें, संस्थेची सर्वसाधारण बैठक हैदराबाद येथें भरली. एका सरकारची देखरेख गेली. मग या संस्थेनें जबाब कोणाला द्यावयाचा? जगांतील वापरणाऱ्यांना, असें उत्तर देण्यांत आलें. हें उत्तर ऐकण्यास गोड आहे. तें व्यवहारांत कसें उतरतें, हें मात्र इतिहासांतच पाहिलें पाहिजे.

पहिला प्रयोग मतदानाचा झाला. २००० सालीं जगभरच्या सामान्य वापरणाऱ्यांकडून संस्थेच्या मंडळावर पांच संचालक निवडून घेण्यांत आले. सुमारें ३४,००० लोकांनीं मत दिलें. एवढ्या मोठ्या जगांत ही संख्या थोडी होती, आणि मतदार खरा कोण हें ओळखणेंहि कठीण होतें. २००२ सालच्या सुधारणांत ही निवडणूक बंद झाली. तिच्या जागीं सल्लागार समित्या आल्या आणि जाहीर अभिप्राय मागविण्याच्या पद्धतीवर भर देण्यांत आला. एखादा नियम, अंदाजपत्रक किंवा योजना ठरविण्यापूर्वीं तिचा मसुदा प्रसिद्ध करावयाचा, ठराविक मुदतींत कोणालाहि लिहूं द्यावयाचें, आलेल्या मतांचा गोषवारा छापावयाचा आणि मग मंडळानें निर्णय घ्यावयाचा, अशी ती रीत आहे. हरकती व सूचनांचीच ही जागतिक आवृत्ति म्हणावयास हरकत नाहीं.

संस्थेच्या पंचवार्षिक धोरणालाहि हीच रीत लागू आहे. २०२१ ते २०२५ या आर्थिक वर्षांच्या योजनेसाठीं प्रथम निरनिराळ्या गटांना, पुढें कोणते प्रश्न येणार, हें विचारण्यांत आलें. त्यांतून केलेल्या मसुद्यावर अभिप्राय घेऊन जून २०१९ मध्यें मंडळानें ती मंजूर केली. तिच्यांत पांच उद्दिष्टें होतीं: व्यवस्थेची सुरक्षितता, कारभाराची परिणामकारकता, नांवांच्या व्यवस्थेचा विकास, जगांतील राजकीय घडामोडींना तोंड देणें आणि संस्थेची आर्थिक स्थिरता. हीं उद्दिष्टें रुक्ष वाटतात. परंतु कोणत्या लिपीसाठीं किती पैसा व किती माणसें लावावयाचीं, याचा विचार अशाच कागदांवरून सुरू होतो. गृहस्थाच्या घरांत वर्षाच्या आरंभीं काढलेल्या खर्चाच्या यादींत ज्या मुलाची फी लिहिली गेली नाहीं, त्याची पुढें कशी ओढाताण होते, हें सर्वांना ठाऊक आहे.

मात्र अभिप्राय मागितला म्हणजे तो मानला, असें होत नाहीं. २०१९ सालचींच दोन उदाहरणें बोलकीं आहेत. धर्मादाय व लोकसेवी संस्थांचा ज्यावर मोठा भर आहे, त्या ‘डॉट ऑर्ग’ या शेवटपदाच्या शुल्कावर वर्षाला शेंकडा दहाहून अधिक वाढ न करण्याची मर्यादा होती. ती काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. त्यावर तीन हजारांहून अधिक अभिप्राय आले आणि बहुतेक सर्व विरोधी होते. तरीहि ३० जून २०१९ रोजीं मर्यादेवांचून नवा करार झाला. लोक लिहून थकले आणि कागद फायलींत गेले, असेंच तेव्हां वाटलें.

पुढें नोव्हेंबर २०१९ मध्यें ‘डॉट ऑर्ग’ चें दप्तर चालविणारी संस्थाच एका खाजगी गुंतवणूक कंपनीस ११३ कोटी ५० लक्ष डॉलरांस विकण्याचा बेत जाहीर झाला. आतां विरोध केवळ ठराविक मुदतींतील पत्रांपुरता राहिला नाहीं. सेवाभावी संस्थांनीं संघटित आवाज उठविला आणि कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनींहि आयकॅनला पत्र लिहून हा व्यवहार मान्य करूं नये असें कळविलें. ३० एप्रिल २०२० रोजीं आयकॅननें या हस्तांतरास संमति नाकारली. पहिल्या वेळीं लोकांनीं लिहिलें व ते घरीं परतले. दुसऱ्या वेळीं लिहून झाल्यावरहि ते दारांत उभे राहिले. दोन्ही वेळच्या निकालांत हा फरक स्पष्ट दिसतो.

मराठी माणसाचा या दप्तराशीं संबंध केवळ शुल्कापुरता नाहीं. तो अक्षरांचाहि आहे. पुष्कळ काळ नांवाचें शेवटपद रोमन अक्षरांतच लिहावें लागे. २००९ च्या ऑक्टोबरांत सोल येथील बैठकींत देशांना आपापल्या लिपींत शेवटपद घेण्याची वाट मोकळी झाली आणि मे २०१० मध्यें अरबी लिपींतील पहिलीं पदें मूळ यादींत आलीं. देवनागरींतील ‘.भारत’ हें शेवटपद २७ ऑगस्ट २०१४ रोजीं लोकांसाठीं खुलें झालें. हिंदी, मराठी, कोंकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी आणि सिंधी अशा आठ भाषा त्यांत होत्या.

एका लिपींत आठ भाषा नांदूं लागल्या म्हणजे प्रत्येकीची खोड सांभाळावी लागते. मराठी वाचकाला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद शिकवावा लागत नाहीं. पहिला शब्द समुद्राचा, दुसरा सह्याद्रीचा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांची अदलाबदल झाली तर पंक्तींत घोटाळा होईल. वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाड हीं नांवें व शब्द या आडव्या रकारावांचून लिहितांच येत नाहींत. हिंदीला त्याची गरज पडत नाहीं. मराठीला, कोंकणीला व नेपाळीला पडते. संगणकावर तो लिहितांना बहुधा र, हलन्त आणि त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालीत. वाचणाऱ्याला हें चिन्ह दिसत नाहीं. नांवांच्या मूळ यादींत अशीं न दिसणारीं चिन्हें घेतलीं, तर दिसावयास सारखीं पण आंतून वेगळीं नांवें नोंदवून भामट्यांना लोकांस फसवितां येईल. म्हणून तें चिन्ह यादींत वर्ज्य ठरलें. भीति खरी होती. पण तिच्यापायीं मराठीचा एक वर्ण बाहेर राहण्याची वेळ आली.

मूळ यादींत कोणतीं अक्षरें व कोणते जोड चालावेत, हें ठरविण्याचें काम ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ भारतीय लिपींसाठीं एका मंडळाकडे होतें. त्याच्या सहअध्यक्षांत पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे डॉ. महेश कुळकर्णी होते. मंडळानें उपाय काढला. देवनागरींत नुक्ता लावलेला ‘ऱ’ हें स्वतंत्र अक्षर संगणकाच्या संकेतावलींत होतेंच. द्राविडी भाषांतील एका रकाराचें लिप्यंतर करण्यासाठीं तें ठेवलेलें होतें. हलन्त होऊन तें य किंवा ह यांना जोडलें म्हणजे आडवा रकार दिसतो, आणि अदृश्य चिन्ह लागत नाहीं. एवढ्या मर्यादित जागीं तें अक्षर मान्य करण्यांत आलें. २०१८ सालीं देवनागरीचा मसुदा जगापुढें अभिप्रायासाठीं ठेवला गेला आणि २०१९ सालीं मूळ यादीच्या नियमांत देवनागरीचा समावेश झाला. या मूळ नियमांचाच कित्ता समोर ठेवून खालच्या दप्तरांसाठींहि आदर्श नियम तयार करण्यांत आले.

हा आडवा रकार आपोआप वांचला नाहीं. ज्यांना ‘दऱ्या’ म्हणजे काय हें जन्मापासून ठाऊक होतें, अशीं माणसें त्या मंडळांत बसलीं होतीं; त्यांनीं प्रश्न ओळखला, भामट्यांची भीति मान्य केली आणि तिला उत्तर सुचविलें. नुसता अभिमान मिरवून हें काम झालें नसतें. दूरच्या विद्वानानेंहि तें केलें नसतें. त्याच्या कानाला हा भेदच ऐकूं येत नाहीं. मसुदा प्रसिद्ध झाला त्या काळांत मराठी घरांत, शाळांत व वाचनालयांत त्याची कितीशी चर्चा झाली, हें प्रत्येकानें आपल्याशींच आठवून पाहावें. आपल्या भाषेच्या एका वर्णाचा निकाल लागत होता, आणि सभेचें दार कोणालाहि बंद नव्हतें.

या रीतींत दोष नाहींत असें नाहीं. मसुदे लांबलचक व बहुधा इंग्रजींत असतात आणि मुदत आठवड्यांत मोजली जाते. मोठ्या कंपन्यांना हें वाचण्यासाठीं पगारी वकील ठेवतां येतात. शाळामास्तराला, कोष्ट्याला किंवा द्राक्षबागाईतदाराला तें जमत नाहीं. म्हणूनच विद्यापीठें, साहित्यसंस्था, ग्रंथालयें व वृत्तपत्रें यांनीं मधल्या दुभाष्याचें काम अंगावर घेतलें पाहिजे. मसुद्याचा सार मराठींत सांगावा, कोणत्या कलमानें कोणाचें काय बिघडतें तें दाखवावें आणि लोकांचें म्हणणें मुदतींत पोंचतें करावें. गांवांत दवंडी देणारा होता, तेव्हां हुकूम ज्या भाषेंत लिहिलेला असेल त्या भाषेंत तो ओरडत नसे. तो लोकांच्या भाषेंत ओरडत असे.

त्रिरश्मीच्या त्या लेखांतील कार्षापण केव्हांच आटले, कोष्ट्यांच्या त्या श्रेणी राहिल्या नाहींत आणि तो फलकहि उरला नाहीं. सभेंत ऐकविलें आणि दप्तरांत लिहिलें, हे शब्द मात्र दगडावर अजून वाचतां येतात. उषवदातानें आपलें दान निगमसभेंत ऐकविलें, तेव्हां तेथें ऐकावयास नगरवासी जमले होते. नांवांच्या नव्या दप्तराच्याहि सभा भरतात, तारखा आधीं जाहीर होतात आणि मसुदे वाचून दाखविले जातात. तेथें मराठीची जागा रिकामी राहूं न देणें, हें मराठी बोलणाऱ्यांच्याच हातीं आहे.