फुकट म्हणजे कोणासाठी फुकट?

आमच्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी छोटे कारखाने आहेत. हल्ली मालाचे फोटो आयफोनवर काढतात आणि ऑफिसातल्या जुन्या पीसीवर ती एचईआयसी फाईल काही उघडत नाही. मग मला विचारणा होते, "जेपीजी करायला एखादं स्वस्त सॉफ्टवेअर सांग की!" मंडळी, याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं.

१९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने जीआयएफ आणलं. फाईल लहान करायची त्यातली एलझेडडब्ल्यू ही पद्धत मात्र आधीच, १९८५ मध्ये, पेटंट झाली होती. ते पेटंट पुढे युनिसिसकडे आलं. डिसेंबर १९९४ मध्ये युनिसिसने जाहीर केलं की जीआयएफ तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी लायसन्स फी भरावी. तोवर जीआयएफ सगळीकडे पसरलेलं! चिडलेल्या प्रोग्रामर मंडळींनी १९९५ मध्ये पीएनजी रचायला घेतलं. अमेरिकेतलं ते पेटंट संपलं २० जून २००३ ला.

एचईआयसीची गत तीच. ॲपलने २०१७ मध्ये ते फोनवर आणलं, पण त्याच्या पोटात पेटंटवालं एचईव्हीसी आहे. म्हणून विंडोजवर बऱ्याचदा त्यासाठी वेगळं, पैसे देऊन एक्स्टेंशन घ्यावं लागतं. म्हणजे खर्च नुसता सॉफ्टवेअरचा नसतो, फॉरमॅटचाही असतो.

आता सॉफ्टवेअर. १९९६ पासूनचं इरफानव्ह्यू घरी फुकट आहे, ऑफिसात मात्र लायसन्स विकत घ्यावं लागतं. एक्सएनव्ह्यूचंही तसंच. 'फुकट' वाचून दहा पीसींवर टाकणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी. इमेजमॅजिक १९८७ मध्ये ड्यूपाँटमध्ये जॉन क्रिस्टीने लिहायला घेतलं आणि १९९० मध्ये सगळ्यांना मोकळं केलं. ते धंद्यासाठीही फुकट आहे. कमांड टाईप करावी लागते खरी, पण एकदा लिहून ठेवली की शेकडो फोटो एका दमात होतात.

ऑनलाईन कन्व्हर्टरवर भांड्यांचे फोटो चढवा हवे तर. कामगारांचं आधार नि पार्ट्यांची बिलं मात्र परक्या सर्व्हरवर टाकू नका. ती माहिती आपल्या एकट्याची नसते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. पुढचे फोटो थेट जेपीजीत येतील. जुन्यांपुरतंच सॉफ्टवेअर लागेल.