मोजलेली डोकी, न वाचलेल्या तक्रारी

बीटा चाचणीविषयी एक मत आता सर्वमान्य होऊन बसले आहे: ॲप किंवा गेम लवकर लोकांच्या हाती द्या, हात जितके अधिक तितके दोष लवकर सापडतील. दुबईत तर हा पूर्वपक्ष चटकन पटतो. बहुसंख्य रहिवासी परदेशी, नाना देशांची माणसे, नाना तऱ्हेचे फोन. इथे चालले की जगात चालेल!

मग ऑक्टोबर २०१८ मध्ये काय झाले? विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीने काही लोकांच्या फायली पुसून टाकल्या आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच तिचे वितरण थांबवावे लागले. चाचणीला माणसे कमी नव्हती. कंपनीच्या इनसायडर कार्यक्रमात लाखो लोक होते. त्यांतल्या काहींनी हाच दोष आधी कळवलाही होता. पण ज्या तक्रारीला पाठिंबा जास्त ती वर, अशी रीत असल्याने थोड्यांवर कोसळलेला हा अनर्थ तळाशी राहिला. दोष किती गंभीर आहे हे नोंदवण्याची सोय कंपनीने त्यानंतर केली.

आता अमिरातीचेच पाहा. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर गेली, शुक्रवार अर्धा झाला. शारजाने मात्र शुक्रवारसह तीन दिवस सुटी ठेवली. रजेचा हिशेब करणाऱ्या ॲपमधली यातली चूक पुण्यातल्या हजार परीक्षकांना दिसणार नाही. शारजाच्या सरकारी कचेरीतल्या एका कारकुनाला पहिल्याच शुक्रवारी दिसेल. पत्त्यात पिनकोड सक्तीचा केला, तर जिथे पिनकोडच नाही तिथला माणूस शून्ये भरून पुढे सरकतो आणि तक्रारही करत नाही. अरबीत सगळा पडदा उजवीकडून सुरू होतो, आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचायचे. दुबईतला मराठी किंवा मल्याळी माणूस ॲप इंग्रजीतच उघडणार. त्याच्यासारखे आणखी दहा हजार जमवले तरी अरबी मांडणी तपासली जाणार नाही.

गेमचा सर्व्हर एकाच वेळी किती खेळाडू पेलतो हे पाहायचे, तर गर्दीच हवी, हे निर्विवाद. पण तो भार मोजणे झाले, चुका शोधणे नव्हे. शिवाय खुल्या बीटात जाहिरातीचा वाटाही बराच असतो.

गूगल प्लेने तर नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप प्रसिद्ध करण्यापूर्वीच्या चाचणीसाठी नियमच घातला: आधी २०, नंतर १२ परीक्षक, सलग १४ दिवस. लगोलग पैसे घेऊन परीक्षक पुरवणारे निघाले. बारा डोकी भरतात, चौदा दिवस भरतात, आणि त्यांतल्या एकालाही ते ॲप खरोखर हवे असेलच असे नाही.